आई बोलेपर्यंत

शोकात बसलेल्या माणसाला एकटं सोडू नये, अशी आमच्या धर्माची आज्ञा आहे. आज्ञा थोर आहे. ती ज्यांनी केली त्यांनी छोट्या लायनीवरचा स्टेशन मास्तरचा क्वार्टर मात्र पाहिलेला नसावा. त्यात दोन खोल्या होत्या, एक स्वयंपाकाची आणि एक बाकी सगळ्याची. वडील गेले त्या आठवड्यात त्या दुसऱ्या खोलीत आई होती, मी होतो, मुंबईहून आलेले काका होते, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत सांत्वनाला येणारं गाव होतं. एकटं राहायला मिळावं म्हणून मी मागच्या अंगणातल्या संडासात जाऊन उगाच उभा राहत असे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. मराठी बोलणारे, भात-मासळी खाणारे आणि शनिवारी चूल न पेटवणारे लोक. आमच्यातले पुष्कळ जण पूर्वी रेल्वेत लागत, आणि रेल्वे माणसाला कुठेही नेऊन ठेवते. वडिलांना तिनं चांदा जिल्ह्यात, मूलच्या अलीकडे, साग आणि बांबूच्या मधोमध आणून ठेवलं. गाव लहान होतं. पलीकडे धानाची शेतं, अलीकडे जंगल, मध्ये आम्ही. आमची जात कोणती हा प्रश्न गावाला पहिली काही वर्षं पुरला. डुक्कर खात नाहीत, सुंता करतात, मुंबईतल्या देवळाला 'मशीद' म्हणतात, तेव्हा मुसलमान असावेत, असं एक मत होतं. मूलच्या मुसलमान शिंप्यानं त्याचा साफ इन्कार केला. शेवटी आमची जात 'मास्तर' अशी ठरली आणि सगळ्यांना बरं वाटलं.

छप्पन सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी मूलच्या शाळेत शिक्षक होतो आणि सुट्टीसाठी घरी आलो होतो. रविवारी दुपारच्या गाडीला हिरवी झेंडी दाखवून वडील आत आले, खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत गेले. ते फार वक्तशीर होते. गाडी गेल्यावर गेले.

आईनं पहिली गोष्ट केली ती घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून देण्याची. माणूस गेला की घरातलं पाणी ओततात, ही आमची रीत. कोकणात विहीर दाराशी असते, तिथं ही रीत सोपी आहे. चांद्याच्या मे महिन्यात रांजण पालथा केलेला पाहून शेजारच्या पॉइंट्समनची, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याची, बायको छाती बडवायला लागली. ती मास्तरांसाठी रडते आहे असं मला वाटलं. थोडं मास्तरांसाठी होतं, थोडं पाण्यासाठी.

सोमवारी सकाळी आम्ही वडिलांना पुरलं. जवळचं यहुदी कबरस्तान कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्या उन्हात तिथवर नेणं शक्य नव्हतं. आऊटर सिग्नलच्या पलीकडे एका मोहाच्या झाडाखाली लायनीवरच्या गँगमन लोकांनी खड्डा खणला. ते जवळच्या जंगलातल्या गावांतले गोंड होते. त्यांच्यातही पुरतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. वर त्यांनी मोठाले दगड रचले, तरसानं उकरू नये म्हणून. प्रार्थना मला जेवढी येत होती तेवढी मी म्हटली. जिथं येत नव्हती तिथं नुसता उभा राहिलो. गँगमननी दोन्हींमध्ये सारखीच मान खाली घातली होती.

मग आम्ही जमिनीवर बसलो. सात दिवस. आईबाप, नवरा-बायको, सख्खं भावंड, मूल, यांच्यापैकी कुणी गेलं की आमच्यात सात दिवस घर सोडायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, दाढी करायची नाही, सुखाची अंघोळ करायची नाही. छातीवरचा सदरा फाडायचा आणि तो फाटकाच घालून बसायचं. वाचनानं मन प्रसन्न होतं म्हणून वाचायचंही नाही. दुःखाबद्दलचं असेल तर चालतं. माझ्यासारख्या माणसाला ही सगळ्यांत वाईट शिक्षा होती. भिंतीवर रेल्वेचं वेळापत्रक टांगलेलं होतं, ते मी वाचत असे. त्यानं मन प्रसन्न होण्याचा धोका नव्हता.

घरातला आरसा झाकायचा असतो. पांढरं कापड सगळं वडिलांबरोबर गेलं होतं, म्हणून पॉइंट्समन धावत जाऊन हिरवी झेंडी घेऊन आला. आईनं ती पाहिली आणि मान हलवली. तिच्या ध्यानात काय आलं ते त्याच्याही ध्यानात आलं. तो परत गेला आणि लाल झेंडी घेऊन आला. आठवडाभर आमच्या आरशावर धोक्याची खूण होती.

त्याच संध्याकाळी, लोक पांगल्यावर, आई माझ्याशी बोलली.

"तार केलीस ना मुंबईला?"

"केली."

"म्हणजे बुधवारी तुझे काका येणार. सात दिवस झाले की मला घेऊन जाणार."

"तुला जायचंय?"

"नाही." ती म्हणाली. मग बाहेर बघत म्हणाली, "माझा माणूस इथं आहे. मी तिथं दोन खोल्यांत, त्यांच्या तीन सुनांच्या मध्ये, काय करू? मी तुझ्याकडे मूलला राहीन. रविवारी गाडीनं इथं येईन."

"मग सांग काकांना तसं."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला इंजिन चालवायला सांगितलं होतं. "मी? थोरल्या दिराला? नाही म्हणून?" तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत ती काकांशी दोनच वाक्यं बोलली होती: 'चहा घ्या' आणि 'साखर पुरे का?' त्यांच्यासमोर ती पदर घेऊन उभी राही. त्यांनी विचारलं तर मान हलवी, आणि ती मान वर-खालीच हलत असे.

"मी सांगतो," मी म्हणालो.

"तू सांगून ते ऐकायचे नाहीत. म्हणतील, पोरगा आईला अडकवतोय. आणि मला विचारतील. आणि मी हो म्हणेन," आई म्हणाली. ती स्वतःला चांगली ओळखत होती.

बुधवारी सकाळच्या गाडीनं काका आले. ते वडिलांचे सख्खे नव्हेत, चुलत भाऊ. पण घराण्यात वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे थोरले. मुंबईच्या आमच्या मशिदीचे ते मुकादम होते. आमच्यात मुकादम म्हणजे मशिदीचा प्रमुख, मोठा मान. प्लॅटफॉर्मवर उतरताच त्यांनी पॉइंट्समनला आपली ओळख करून दिली: "मी मुकादम." आमच्या भागात मुकादम म्हणजे तेंदूपत्त्याच्या नाही तर लाकडाच्या मजुरांवरचा माणूस. पॉइंट्समननं त्यांचा काळा कोट, चांदीची साखळी आणि उंच टोपी पाहिली आणि आदरानं विचारलं, "कोन्या ठेकेदाराकडचे जी?"

काकांनी आल्या आल्या घराचा ताबा घेतला. ते वाईट नव्हते हे आधीच सांगतो. वडिलांच्या कबरीवर जाऊन ते एकटेच बराच वेळ थांबले आणि परत आले तेव्हा टोपी हातात होती, ती डोक्यावर घालायची त्यांना आठवण राहिली नव्हती. पण दुःख आवरायची त्यांची रीत म्हणजे नियम. नियम नसते तर बहुधा ते कोसळले असते. नियमांमुळे कोसळायची पाळी आमच्यावर आली.

ते येईपर्यंत सांत्वन इथल्या पद्धतीनं चालू होतं. इथं माणूस दारातूनच विचारतो, "कसं झालं जी?" मग आपण सगळं सांगायचं. तो "अरेरे" म्हणतो. मग त्याच्या घरी कोण कसं गेलं ते तो सांगतो. आपण "अरेरे" म्हणायचं. पाणी पिऊन तो जातो आणि दुसरा येतो. तीच गोष्ट सांगून सांगून माझी गुळगुळीत झाली होती आणि खरं सांगायचं तर बोचायची कमी झाली होती. आईसुद्धा दोन-दोन वाक्यं बोलत होती.

काकांनी हे पाहिलं आणि हात वर केला.

"हे काय चाललंय? शोक करणारा स्वतः बोलेपर्यंत सांत्वन करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शास्त्र आहे. यायचं, खाली बसायचं, गप्प राहायचं. तो बोलला तर बोलायचं. आणि त्यानं मान हलवून निरोप दिला की उठायचं, तोवर बसायचं."

"दोघं हायेत ना जी बसलेले," पॉइंट्समन म्हणाला. "कोनाच्या बोलन्याची वाट पाह्याची?"

"बाईंच्या," काका म्हणाले. "पहिला मान तिचा."

आईनं पदराआडून हे ऐकलं. तिचा चेहरा मला दिसला नाही. त्या क्षणापासून ती बोलायची थांबली.

आधी मला वाटलं दुःखानं. मग वाटलं, उन्हानं. दुपारी काका झोपले तेव्हा मी तिच्याजवळ सरकून हळूच विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिनं बोटानं काकांकडे दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं. मला उलगडलं. काका चुलत, त्यामुळे त्यांना जमिनीवर बसायची सक्ती नव्हती. पण ते शोक करणाऱ्यांत नव्हते म्हणजे सांत्वन करणाऱ्यांत होते, आणि म्हणून आई बोलल्याशिवाय त्यांनाही तिच्याशी बोलता येत नव्हतं. स्वतःच केलेल्या कुंपणाच्या आत ते उभे होते. विचारता येत नाही तोवर हो म्हणावं लागत नाही, असा आईचा हिशोब होता.

काकांना हे जड जाऊ लागलं. ते माझ्याशी बोलत, कारण मी शोक करणारा असलो तरी बडबड्या होतो.

"तिघांची तिकिटं काढून आणली आहेत. तिथं मशिदीत रोज दहा माणसं जमतात. तू रोज बापाचं कद्दिश म्हणशील. इथं दहा यहुदी मिळतील तुला?"

मिळणार नव्हते. कद्दिश म्हणजे मेलेल्या बापासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना, आणि ती दहा यहुदी पुरुषांशिवाय म्हणत नाहीत. आम्ही दोघं होतो. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे ते खोडणं आणखी कठीण होतं.

"माझी नोकरी मूलला आहे," मी म्हणालो. "आणि आईला जायचं नाही."

"ती असं म्हणाली?"

"सोमवारी म्हणाली."

"सोमवारी ती शुद्धीत होती का? तिला म्हणू दे माझ्यापुढं. मी काही तिला बांधून नेणार नाही. पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तिला या जंगलात टाकून गेलो तर उद्या मशिदीत लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

"मग विचारा तिला."

"कसं विचारू? ती बोलते कुठं?" काका म्हणाले आणि आपल्याच हातांकडे पाहत बसले.

दाराशी पॉइंट्समन बसे. काकांचा नियम त्याला मनापासून पटला होता, कारण तो रेल्वेचाच वाटत होता. आमची लाइन एकेरी. पुढच्या स्टेशनचा लाइन क्लियर आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. त्यानं तेच लावलं. आतली माणसं बाहेर पडल्याशिवाय तो बाहेरच्यांना आत सोडत नसे, आणि आतल्यांना आईनं मान हलवल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. आणि आई तर मान खाली घालून बसलेली. बाहेर अंगणात कडुनिंबाच्या सावलीला माणसं खोळंबून राहत. "काऊन थांबवून राह्यला गा?" कुणी विचारलं की तो म्हणे, "लाइन खाली नाई."

मूलच्या एका भातगिरणीचे मालक मोटारीतून आले ते याच काळात. माझ्या शाळेच्या कमिटीवर त्यांचं वजन होतं. गावात कुणीही मेलं, जन्मलं किंवा निवडून आलं की ते भाषण करत, आणि तिन्ही भाषणं साधारण एकच असत. धूत वस्त्र, खांद्यावर उपरणं, मागे गडी आणि गड्याच्या हातात हार. शास्त्र सांगतं की शोक करणाऱ्यानं कुणासाठी उठू नये, राजासाठीही नाही. मी उठलो नाही. हे त्यांनी पाहिलं. मग त्यांना खाली चटईवर बसावं लागलं, हेही त्यांनी पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

"आजचा हा प्रसंग..."

"श्श्," काका म्हणाले.

मालकांना आयुष्यात कुणी 'श्श्' केलं नसावं. ते थांबले. काकांनी हळू आवाजात नियम समजावला. मालकांनी मान डोलावली, उपरणं मांडीवर घेतलं आणि बसले. खोलीत छपराचे कवेलू तापल्याचा वास होता. एक माशी आईच्या गुडघ्यावरून मालकांच्या टकलावर आणि तिथून परत, अशी ये-जा करत होती. बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला. मालकांच्या कपाळावरून घाम भुवईत उतरत होता आणि आत अडकलेलं भाषण त्यांच्या गळ्यात वर-खाली होताना दिसत होतं. मला दया आली. मी मान हलवून त्यांना निरोप दिला. मला डुलकी लागली असं समजून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

शेवटी दुपारची गाडी आली आणि तिच्या शिट्टीनं आईनं दचकून मान वर केली. मालकांनी तेवढ्याला निरोप मानलं आणि विजेसारखे उठले. हार गड्याच्या हातातच राहिला. बाहेर पॉइंट्समननं विचारलं, "झालं का जी?" ते म्हणाले, "पवित्र वातावरण आहे," आणि मोटारीत बसले.

दुसरा अडकलेला माणूस होता नवा स्टेशन मास्तर. वडिलांच्या जागी त्याला नागपूरकडून पाठवलं होतं. गुरुवारी तो बायको, ट्रंका आणि तुळशीची कुंडी घेऊन उतरला. क्वार्टर त्याचा होता, आणि आम्ही त्यात जमिनीवर बसलो होतो. तो बुकिंगच्या खोलीत राहू लागला. रोज दोन गाड्यांच्या मध्ये तो येई, समोर बसे, आणि 'कधी रिकामं करता' हा एकच प्रश्न डोळ्यांत घेऊन आईकडे पाही. आई पायाच्या अंगठ्याकडे पाही. भला माणूस होता. तिकीट खिडकीत त्याची बायको स्टोव्हवर पोळ्या भाजते आहे असं लोक सांगत.

जेवणाची अडचण नव्हती. शोकाच्या घरात चूल पेटवायची नाही आणि बाहेरच्यांनी आणून द्यायचं, हे गावाचंही आणि आमचंही. पॉइंट्समनची बायको दोन्ही वेळा भात आणि अंबाडीची भाजी आणी. पहिलं जेवण उकडलेली अंडी आणि मसुराचं असावं असं काका आल्यावर म्हणाले, तोवर आमची पाच-सहा जेवणं झाली होती. तरी त्यांनी अंडी उकडून घेतली. मसूर मिळाला नाही. लाखोळीची डाळ मिळाली.

ही बाई आमच्यावर फार जीव लावून होती, आणि तिच्याचमुळे सदऱ्याचा घोटाळा झाला. उकाड्यानं मी दुपारी सदरा काढून खुंटीला लावला होता. उठून पाहतो तर छातीवरची फाडलेली जागा बारीक टाक्यांनी शिवलेली. काकांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "बापासाठी फाडलेला कपडा कुणी शिवला?"

"म्या शिवला जी," ती दारातून म्हणाली. "फाटका सदरा घालून बसून राह्यला पोरगा. मोठ्ठे लोकं येऊन राह्यले, मोटारवाले. त्याले कोन पाह्यन? मायले तं भानच नाई."

"तो फाटकाच ठेवायचा असतो!"

"कायले जी?"

काकांनी समजावलं: शोकाची खूण आहे, आत जे फाटलंय ते बाहेर दिसलं पाहिजे. तिनं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आतलं तं मले शिवता येत नाई ना बापा. म्हून बाहेरचं शिवलं."

काकांनी स्वतःच्या हातानं टाके उसवले आणि जागा पुन्हा फाडली. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा शिवलेली होती. तिसऱ्यांदा फाडायला काकांचा हात उठला नाही. "राहू दे," ते म्हणाले, "हिला शास्त्र लागू नाही." मी उरलेले दिवस शिवलेल्या सदऱ्यात शोक केला.

शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र वार. त्या दिवशी उघड शोक थांबतो. आई धुतलेलं लुगडं नेसून खाटेवर बसली. मला भीती वाटली, कारण आज शोक नाही म्हणजे गप्प बसायचा नियमही नाही, आणि काका हे जाणत होते. प्रार्थना झाल्यावर ते तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. आईचा हात पदराशी गेला. काकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग माझ्याकडे वळून अत्यंत दुःखानं म्हणाले, "शब्बाथला प्रवासाच्या गोष्टी बोलत नाहीत." आईनं पदर सोडला. त्या दिवसात खोलीतल्या तिघांपैकी नेमकं कोण कुणाच्या कैदेत आहे हे मला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी सातवा दिवस. सातव्या दिवसाचा थोडा भाग बसलं की पुरा दिवस बसल्यासारखा धरतात. मग कुणीतरी शोक करणाऱ्याला 'उठा' म्हणायचं, आणि त्यानं उठून माणसांत जायचं. काकांची गाडी दुपारची होती. तिघांच्या तिकिटांची गाडी.

मलिदा केला होता. पोहे भिजवून, त्यात गूळ आणि खोबरं. हा आमचा सुखातलाही आणि दुःखातलाही पदार्थ. आमच्या भागात पोह्यांना तोटा नाही, ओला नारळ मिळाला नाही. ताटात वर आंब्याच्या फोडी लावल्या. पॉइंट्समन आणि त्याची बायको, चार गँगमन आणि नवा मास्तर दाटीवाटीनं उभे होते. काकांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली, लांब आणि खरोखर सुंदर. वडिलांचं नाव आलं तिथं त्यांचा आवाज फुटला. गँगमननी मान खाली घातली.

मग काका माझ्याकडे वळले. "ऊठ." मी उठलो.

"उठा, बाई," ते आईला म्हणाले.

आई बसून राहिली.

"उठा. सात दिवस झाले. आता तुम्हाला बोलायची मोकळीक आहे, आम्हाला विचारायची. सामान बांधायला ही माणसं मदत करतील. दुपारच्या गाडीनं निघू. येता ना?"

इतके दिवस अडवून धरलेला प्रश्न असा साध्या तीन वाक्यांत येऊन पडला. मी आईकडे पाहत होतो. ती आता मान हलवणार आणि ती वर-खाली हलणार, हे मला ठाऊक होतं. तीस वर्षांत दुसरं काही झालं नव्हतं. पॉइंट्समनच्या बायकोनं पदर तोंडात धरला.

आईनं डोकं वर केलं. पदर मागे गेला. तिनं काकांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, माझ्या देखत पहिल्यांदाच. तिचे ओठ हलले. पण ती बोलली नाही, मानही हलली नाही, आणि ती उठली नाही.

"बाई?"

ती तशीच. दोन्ही हात जमिनीवर टेकलेले, नजर काकांवर रोखलेली, चेहरा ताणलेला. काका मलिद्याचं ताट हातात घेऊन उभे होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. नवा मास्तर आधी हलला, कारण त्याला गाडी घ्यायची होती. मग पॉइंट्समन दारातून म्हणाला, "काकासाहेब, गाडी मागच्या ठेसनावरून सुटली जी. ते काई थांबत नाई आपल्यासाठी."

काकांनी ताट खाली ठेवलं. हात जोडले. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला हात जोडलेले मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

प्लॅटफॉर्मवर ते मला म्हणाले, "असा शोक मी आमच्या मशिदीतसुद्धा पाहिला नाही. सात दिवस संपले तरी ती उठत नाही. हिला इथून ओढून नेणं पाप आहे. तू सांभाळ तिला." मग त्यांनी उरलेली दोन तिकिटं नव्या मास्तरच्या हातात दिली. ती रद्द करणं हे त्याचं या स्टेशनवरचं पहिलं शांतचित्तानं केलेलं काम.

गाडी सागाच्या आड गेली. पुढं काका पंधराएक वर्षं जगले, आणि कुणाच्याही घरी सांत्वनाला गेले की ही गोष्ट सांगत, असं मुंबईहून येणारे लोक कळवत. चांद्याच्या जंगलातली ती विधवा, जिनं 'उठा' म्हटल्यावरही शोक सोडला नाही, जिची नजर या जगात नव्हती. आमच्या समाजात आईला त्यामुळे एक प्रकारचं संतपद मिळालं. ती माझ्याकडे मूलला राहिली, ठरल्याप्रमाणे रविवारी गाडीनं कबरीवर जाई आणि येताना पॉइंट्समनच्या बायकोकडून अंबाडी आणी. त्याच वर्षी नोव्हेंबरात चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेव्हा काकांची इच्छाही कागदोपत्री पूर्ण झाली.

पण त्या दुपारी मी प्लॅटफॉर्मवरून परत आलो तेव्हा आई अजून तशीच बसलेली होती, आणि मी खरोखर घाबरलो होतो.

"आई, काका गेले," मी म्हणालो.

"गाडी सुटली?"

"सुटली."

"मग हात दे," ती म्हणाली. "मी उठून त्यांना नाही म्हणणार होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पण बसल्या जागेवरून थोरल्या दिराला नाही कसं म्हणायचं? आणि उठता येईना. सकाळपासून माझा उजवा पाय बधिर झाला होता."